अर्ध्या भाकरीची पोर

माणूस रांगेत उभा राहिला की त्याला किती भात लागणार, हे धाकू पालवला थाळी पुढे येण्याआधीच कळायचं. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो वाढपी होता. दुपारी साडेअकरा ते दोन, सहाशे थाळ्या. वेल्डिंगवाले आले की डाव भरून, ऑफिसातले बाबू आले की अर्धा डाव, आणि डबल ड्युटीला थांबलेला कोणी असला की न विचारता वर अजून एक. "धाकूमामा, तुम्हाला कसं कळतं हो?" असं पोरं विचारायची तेव्हा तो नुसता हसायचा. आणि ह्याच माणसाच्या घरी, घाटकोपरच्या भटवाडीत, त्याची एकुलती एक मुलगी सुलक्षणा दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि का, ते त्याला काही केल्या कळत नव्हतं. सहाशे जणांची भूक ओळखणारा माणूस स्वतःच्या पोरीपुढे ठार आंधळा. आता बोला!

धाकू काही जन्माचा वाढपी नव्हे. मालवणाकडचा माणूस, अठराव्या वर्षी मुंबईत आला तो सरळ गिरणीत. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बावीस वर्षं काढली. साच्यांची खडखड कानात एवढी बसलेली की हा घरातसुद्धा गच्चीवरून हाक मारल्यासारखा बोलायचा. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसापासून गेटवर. महिने गेले, वर्ष गेलं. सोबतचे कोणी गावाला निघून गेले, कोणी मान खाली घालून आत गेले. धाकू गेला नाही. शेवटी पोटासाठी त्याने कॅन्टीनचा डाव हातात धरला, पण कोणी म्हणालं, "धाकू, संप मिटला म्हण की आता," तर उसळायचा. "कोणी मिटवला? कुठल्या मीटिंगला? मला सांग ना! संप मागे घेतला असं अजून कोणी जाहीर केलेलं नाय. संप चालू आहे." गिरणीचा पास त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवला होता. त्याची बायको शेवंती रोज देव पुसताना तोही पुसायची.

त्या संपात सुलू चौदा वर्षांची होती. डब्यातले तांदूळ तळाला गेले की घरात तिघांना तीन भाकऱ्या, सोबत सुकटीची चटणी, एवढंच. सुलू आपली भाकरी मधोमध मोडायची आणि अर्धी बापाच्या ताटात टाकायची. "मला एवढी नाय जात, बाबा. मैत्रिणीकडे खाल्लं मी." धाकूला काय ते कळायचं. मैत्रिणीच्या घरी तरी कुठे डबे भरलेले होते! पण पोरीची समजूत बघून त्याचा ऊर भरून यायचा. चाळीच्या आवारात दर रविवारी संपकऱ्यांची बैठक भरायची. अशाच एका बैठकीत, लोक ढेपाळलेले बघून त्याने सुलूला हाताला धरून पुढे उभी केली आणि आपल्या त्या साचेखात्याच्या आवाजात म्हणाला, "ही माझी पोरगी! अर्ध्या भाकरीवर राहते, पण बापाला एकदा म्हणत नाय की बाबा, कामावर जा. आणि आपण पुरुष रडतोय?" टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हाताऱ्याने तर पोरीच्या पायाला हात लावला. तेव्हापासून सुलूला नावच पडलं, अर्ध्या भाकरीची पोर. धाकू येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगायचा आणि प्रत्येक वेळी सुलू दाराशी उभी राहून ऐकायची.

ह्यात कुणाला काही वाईट दिसलं असतं का? मला तरी दिसलं नसतं. अशी पोर असली तर कुठला बाप चार लोकांत सांगणार नाही?

पुढे कॅन्टीनची नोकरी लागली, घरात तांदूळ आले, बांगडा आला, रविवारी कोंबडीसुद्धा आली. भाकऱ्या पुन्हा पोटभर झाल्या. सुलूची मात्र अर्धीच राहिली. दहावी झाली, कॉमर्सला गेली, आणि अर्धीची चतकोर झाली. मग उपास आले. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा, शनिवार मारुतीचा. आठवड्याचे वार सात आणि हिचे उपास पाच. तेही कडक. साबुदाणा नको, शेंगदाणे नकोत, चहासुद्धा बिनदुधाचा. चाळीतल्या बायका आपल्या मुलींना टोमणे मारायच्या, "ती बघ सुलू! नाहीतर तू, सकाळी उठल्याबरोबर खारी-बिस्किटं!" हळदीकुंकवाला सुलूला आधी बोलावणं. शेवंतीलाही बरं वाटायचं. आपल्या पोटी देवमाणूस आलं की काय, असं तिला वाटू लागलं होतं.

घोळ असा, की ही देवमाणूस पोर दिवसभर स्वयंपाकघरातच असायची. शेजारणीकडून पाककृती लिहून आणायची. करंज्या काय, शिरवळ्या काय, बापासाठी तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं काय! समोर बसून आग्रह करकरून वाढायची. धाकू हात आडवा धरायचा तरी पळीभर ओतायचीच. आणि स्वतः? "मी करता करता खाल्लं ना." पाण्याचा नळ टेकडीच्या खाली होता. तिथून घरी एक कळशी पुरली असती, ही पाच-पाच खेपा करायची. शेजाऱ्यांचं पाणीसुद्धा भरायची. मे महिन्यात, माणसं घामाने निथळत असताना, ही स्वेटर घालून बसायची. केस विंचरले की फणीत गुंतवळ हातभर. एकदा मोरीमागची फरशी धुताना शेवंतीला वर्तमानपत्राच्या पुड्या सापडल्या. उघडून बघते तर काय, वाळलेल्या भाकरीचे तुकडे, भाताची ढेकळं. तिने त्या पुड्या धाकूपुढे टाकल्या. जिने संपात तांदळाचा दाणा सांडू दिला नाही, तीच पोर अन्न टाकते?

"सुलू, हे काय गं?" धाकूने विचारलं.

"उंदरांसाठी ठेवलं होतं," ती म्हणाली.

उंदरांसाठी! धाकूला ओरडायचं होतं, पण तिच्या मानेचं हाड बघितलं आणि त्याने त्या पुड्या नुसत्या गुंडाळून उचलल्या.

मग सुरू झाली धावपळ. ज्याला जे सुचेल ते. शेवंतीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. गावाहून अंगारा मागवला. धाकूच्या थोरल्या भावाने गावी देवाला गाऱ्हाणं घातलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं, मग टॉनिकच्या बाटल्या, मग टीबी असेल म्हणून छातीचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ निघाला. टीबी नाही म्हटल्यावर आनंद व्हायचा तर धाकू अजूनच गोंधळला. टीबीला निदान नाव आहे, सुई आहे, गोळी आहे. ह्याला काय म्हणायचं?

त्यातच शेवंतीच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांच्या घरात पाळी आली की बाजूला बसायची रीत होती. आणि सुलू चार महिने बाजूला बसलीच नव्हती. शेवंतीने मनातल्या मनात बोटं मोजली, परत मोजली. पुढचं सांगायला नको. आईच्या डोक्यात काय आलं असेल ते कुठल्याही बाईला कळेल. दार लावून तिने पोरीचा दंड धरला, "खरा सांग गो माका, कोण तो? मी बापाशीक काय सांगूचंय नाय." सुलूला आधी काही उमगलंच नाही. मग अर्थ कळला तशी हुंदके देऊन रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आई, मी काय केलं गं? मी तर कुणाचं काही खाल्लंसुद्धा नाही." आता हे कसलं उत्तर? शेवंती तिला पोटाशी धरून बसली, पण हातात जे आलं ते नुसती हाडं होती, आणि तीसुद्धा रडू लागली.

धाकूने शेवटी एक डोकं लढवलं. त्याला वाटलं, उपासांचाच हा फेरा आहे. उपास सोडवले की पोर जेवेल. व्रत सोडायचं तर उद्यापन करायला हवं. मग काय, केलं उद्यापन! गव्हाच्या चुरम्याचा नैवेद्य, भटजी, सतरा जोडपी जेवायला, सगळी चाळ लोटलेली. सगळ्यांसमोर सुलूच्या हातावर प्रसाद ठेवला. देवाचा प्रसाद, नाही कशी म्हणेल? खाल्ला. मग पान वाढलं. सगळ्या बायकांचे डोळे हिच्यावर. पुरी, खीर, भात, सगळं खाल्लं पोरीने! धाकूला वाटलं, जिंकलो. बाहेर जाऊन त्याने मित्रांना टाळी दिली. "सुटली रे पोर!" आणि परत आत आला तर सुलू जागेवर नव्हती. चाळीच्या मागे संडासाच्या भिंतीला टेकून, घशात बोटं घालून ती सगळं ओकून टाकत होती. बापाला बघून तिने पदराने तोंड पुसलं. "बाबा, कोणाला सांगू नका," एवढंच म्हणाली. धाकूने खरंच कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार होता? सतरा जोडपी समोर पान चावत बसलेली.

त्यानंतर महिन्याभराने, भर सकाळी, सुलू कळशीसकट टेकडीच्या पायऱ्यांवर कोसळली.

तिला उचललं द्रौपदीबाईंनी. दोन दारं सोडून राहायच्या. साताऱ्याकडच्या, बौद्ध; महापालिकेच्या हॉस्पिटलात आया म्हणून पंधरा वर्षं नोकरी. तोंडाने फटकळ. पोरीला उचलताना त्यांच्या तोंडातून शिवीच निघाली, कारण सतरा वर्षांची घोडी म्हणून कमरेत वाकून जोर लावला तर पोर उशीसारखी वर आली. रिक्षात घालून त्या तिला तडक आपल्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. धाकू कॅन्टीनचा अॅप्रन न काढता पोचला तेव्हा सुलूला सलाईन लागलेलं आणि वजन कागदावर लिहिलेलं, एकतीस किलो. धाकूने तो आकडा दोनदा वाचला. कॅन्टीनमध्ये तांदळाचं अख्खं पोतं तो पाठीवर घ्यायचा, ते त्याहून जड असायचं.

"हे बघा धाकूभाऊ," द्रौपदीबाई म्हणाल्या, "वर्षभर तुम्ही अंगारे केले, उद्यापनं केली, मी गप बसले. तुमच्यातल्या गोष्टी, म्हटलं, मी कशाला बोलू? चुकलं माझं. पण आता मी सांगते तिथे जायचं. आमच्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई आहेत, मनाच्या आजाराच्या. अशी एक पोर मी त्यांच्या वॉर्डात बघितली होती. सेम टू सेम."

"मनाच्या म्हणजे वेड्यांच्या?" धाकूचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "माझी पोर वेडी नाय! वर्गात पयल्या पाचात असते!"

"ओरडू नका. सलाईन हलतंय."

डॉक्टर क्षमा प्रधान चाळिशीच्या, बारीक चणीच्या, घाईने बोलणाऱ्या. आधी त्या सुलूशी एकट्या तासभर बोलल्या. मग नवराबायकोला बोलावलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं ते इंग्रजी होतं, धाकूच्या जिभेवर ते शेवटपर्यंत बसलं नाही. मराठीत नाव काय, असं त्याने विचारलं तर त्या म्हणाल्या, रुळलेलं असं नाही. पण आजार आहे, खराखुरा आहे, नाटक नाही आणि हट्टही नाही. ह्यात माणसं दगावतातसुद्धा. "तिला वाटतं ती जाड आहे," त्या म्हणाल्या.

"कोण? सुलू?" धाकू हसलाच. "डॉक्टर, तिच्या बरगड्या मोजता येतात."

"तुम्हाला येतात. तिला आरशात पोट दिसतं. ती खोटं बोलत नाही. तिला खरंच तसं दिसतं."

धाकूने क्षणभर विचार केला. मग अगदी मनापासून म्हणाला, "मग डोळे तपासूया ना. चष्मा लावूया!"

शेवंतीने कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मात्र खरं. शांतपणे म्हणाल्या, "चष्म्याने होतं तर किती बरं झालं असतं! बरं, मला सांगा, जेवण कमी कधीपासून झालं?"

"वर्षभर झालं असेल."

"त्याच्या आधी नीट जेवायची?"

आणि इथे धाकू खुलला. म्हणजे बघा, पोर सलाईनवर, आणि ह्याचा चेहरा उजळला! कारण ही गोष्ट सांगायची त्याला सवयच झाली होती. खुर्चीत सरसावून बसला आणि सुरू झाला. संप कसा लागला, तांदूळ कसे संपले, पोरीने भाकरी कशी मोडली, बैठकीत कशा टाळ्या पडल्या, म्हाताऱ्याने पाय कसे धरले. "अर्ध्या भाकरीची पोर म्हणतात तिला आमच्याकडे," असं म्हणून त्याने गोष्ट संपवली आणि डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. ह्या ठिकाणी लोक नेहमी 'वा' म्हणायचे.

त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "पालव, ही गोष्ट तुम्ही तिच्यासमोर किती वेळा सांगितलीत?"

धाकू आठवायला लागला. किती वेळा? शंभर? दोनशे? दरवाज्याच्या चौकटीला टेकून उभी असलेली सुलू त्याच्या डोळ्यांपुढे आली. दर वेळी ती तिथेच उभी होती. हसत होती. आणि दर वेळी थोडी बारीक होती, हे त्याला आत्ता दिसलं.

"म्हणजे मी माझ्या पोरीला मारलं?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज शेजारच्या माणसाला जेमतेम ऐकू येईल एवढा निघाला.

"नाही. असं धरून बसू नका. त्या संपात हजारो मुलं अर्ध्यापोटी राहिली, बापांनी त्यांचंही कौतुक केलं असेल. सगळ्यांना हे झालं का? ह्याला एक कारण नसतं. स्वभाव असतो, वय असतं, अजून काय काय असतं. आम्हालाही सगळं कळलेलं नाही. पण एवढं समजून घ्या. भूक तिला लागते. फार लागते. म्हणून तर दिवसभर रांधते. पण खाल्लं की आपण हरलो, असं तिला वाटतं."

हे शेवटचं वाक्य धाकूच्या डोक्यात शिरलं, पण बसलं नाही. हरायचं काय त्यात? जेवणात कसली हारजीत? बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, भात वाढताना तो तेच वाक्य घोळवत राहिला. एकदा तर एका बाबूच्या थाळीत पाच डाव भात घातला आणि बाबू ओरडला तेव्हा भानावर आला.

सुलू तीन आठवडे वॉर्डात राहिली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले आणि ते ऐकून दोघं पुरतीच चक्रावली. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायचं, औषधासारखं, वेळेवर. जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं. जेवल्यावर तासभर तिला एकटं सोडायचं नाही. उपास बंद. पाणी भरणं बंद. दर बुधवारी इकडे येऊन वजन आणि बोलणं. एवढं ठीक. पण पुढे? "खा खा करायचं नाही. आणि खाल्लं तर शाबास म्हणायचं नाही. तिच्या अंगाबद्दल बरं नाही, वाईट नाही, काहीच बोलायचं नाही. ताटावर बसून दुसऱ्या गोष्टी बोला."

"शाबासपण नाय?" धाकूने परत विचारलं.

"शाबास तर नाहीच नाही."

मालवणी घरात जेवायला बसून जेवणाबद्दल बोलायचं नाही! माशात मीठ आहे की नाही, हेसुद्धा विचारायची चोरी. पहिले काही दिवस तिघं अशी बसायची की जणू कोणाच्या तेराव्याला आलीत. धाकू बोलायला विषय शोधायचा आणि एकदम विचारायचा, "सुलू, अकाउंट्स म्हणजे काय असतं गं?" दुपारी धाकू कामावर, तर द्रौपदीबाई ड्युटी संपवून आपला डबा घेऊन यायच्या आणि सुलूसमोर बसून जेवायच्या. हॉस्पिटलच्या गमती सांगायच्या. सुलूने एक घास घेतला की ह्यांचा एक घास. घाई नाही. कधीकधी त्या जेवणाला दीड तास लागायचा आणि बाई गार झालेला चहा परत तापवून प्यायच्या. ह्या बाईचं देणं पालवांच्या घराकडून कधी फिटेल असं मला वाटत नाही.

वजन चौतीसवर आलं, छत्तीसवर आलं. आणि एके दिवशी नळावर एक शेजारीण शेवंतीला म्हणाली, अगदी प्रेमाने, "अगंबाई, सुलू कशी छान भरली गं! गालांवर मांस आलं!" सुलू तिथेच उभी होती. आपल्याकडे ह्याहून गोड बोलणं कुठलं? पण झालं. तीन दिवस पोरीने तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सगळं मुसळ केरात!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकू कामावरून आला. दिवा नुकताच लावलेला. शेवंतीने तीन ताटं मांडली होती, ताटात तांदळाची भाकरी आणि डाळ. सुलू भिंतीला टेकून बसली होती आणि ताटाला हात लावत नव्हती. धाकू अर्धा तास अकाउंट्सबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, कॅन्टीनच्या मॅनेजरबद्दल बोलला. मग त्याचा धीर सुटला.

"का नाय जेवत गं तू?" तो ओरडला. "घरात नव्हतं तेव्हा ठीक होतं. आता आहे ना! आता कशासाठी? कोणासाठी? सांग ना मला! मी अडाणी माणूस, मला कळत नाय, समजाव मला!"

"मलाही कळत नाही, बाबा," सुलू म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तुम्हाला वाटतं मला कळतं? मला भूक लागते. मग वाटतं, आज खाल्लं तर सगळं गेलं. इतके दिवस धरलं ते सगळं वाया. थांबायचं कधी, ते मला कोणी सांगितलंच नाही ना." मग तिने देवाच्या फळीकडे बघितलं. "तुम्हीच म्हणता ना, संप चालू आहे."

धाकूनेही फळीकडे बघितलं.

एवढे दिवस डोक्यात फिरणारं डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य आत्ता कुठे बसलं. खाल्लं की हरलो. अरे, हे तर त्याला माहीत होतं! त्याला नाही तर कोणाला माहीत? दोन वर्षं गेटसमोरून जाताना त्याच्या मनात हेच तर यायचं. इतके दिवस धरलं ते वाया कसं घालवू. ही पोर त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच ताटाला ताट लावून, संप लढत होती. आणि तो बाहेर जाऊन नोकरी करून पोटभर भात खाऊन येत होता आणि वर म्हणत होता, संप चालू आहे.

तो उठला. फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली, पास बाहेर काढला. शेवंतीचा हात डाळीच्या भांड्यात तसाच थांबला. पासावरचा फोटो चोविशीतला होता, केस उलटे फिरवलेले. धाकूने तो पास सुलूच्या ताटाशेजारी ठेवला.

"सुलू, संप मिटला."

हे शब्द त्याने भावाला म्हटले नव्हते, आत गेलेल्या मित्रांना म्हटले नव्हते, देवापुढेसुद्धा म्हटले नव्हते.

"कधी?" तिने विचारलं.

"आज. आत्ता."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतो. हरलो आपण, बाय. कधीचेच हरलो. मी तुला सांगितलं नाय, ती माझी चूक. आता हरलेल्या माणसांनी जेवायला हरकत नाय." आणि मग साचेखात्यातला तो मोठ्या आवाजाचा माणूस बायको-पोरीसमोर ढसाढसा रडला. शेवंतीने तोंडाला पदर लावला. सुलू रडली नाही. ती त्या फोटोकडे बघत होती.

इथे एक सांगून टाकतो, उगाच कोणाचा गैरसमज नको. एका वाक्याने असला आजार जात नाही. नंतरही दोनदा पोर घसरली, एकदा परत वॉर्डात राहिली, बुधवार तर तीन वर्षं चुकले नाहीत. धाकूला हा आजार पुरता कधीच कळला नाही आणि कळला असं त्याने कधी म्हटलंही नाही. पण त्या संध्याकाळचं सांगायचं तर, बऱ्याच वेळाने सुलूने हात पुढे केला. भाकरी घेतली, जुन्या सवयीने मधोमध मोडली. आणि अर्धी बापाच्या ताटाकडे नेली.

धाकूने आपलं ताट मागे ओढलं.

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग दोन्ही तुकडे तिने आपल्या ताटात ठेवले. अर्धी भाकरी खायला तिला पाऊण तास लागला. शेवंतीचे ओठ आतल्या आत हलत होते, देवाचं नाव घेत असावी. धाकूच्या जिभेवर शाबास येऊन बसलं होतं, ते त्याने डाळीबरोबर गिळलं. दुसरी अर्धी ताटात तशीच होती. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "उद्या कॉलेज किती वाजता गं?"

"साडेसातला," सुलू म्हणाली. "पहिला तास अकाउंट्सचा आहे." आणि बोलता बोलता तिने दुसऱ्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला.